एक पौंड नव्याण्णवचा खेळ

स्वस्त विकणारा बाजार बिघडवतो, असे आपल्या लाइनीत सर्रास बोलले जाते. कोणी ताक्यामागे दोन पैसे कमी केले की संध्याकाळपर्यंत त्याचे नाव सगळ्या गाळ्यांत होते. तीस वर्षे कापड विकताना आम्हीही असे बोललो आहोत. परंतु मास्टरट्रॉनिक नावाच्या एका इंग्रजी कंपनीची हकीकत कळली आणि आमचे मत निम्मे तरी बदलले. ही कंपनी घरगुती कॉम्प्युटरवरचे खेळ विकत असे. माल वेगळा असला तरी हिशेब आपल्याच गल्ल्यावरचा आहे.

१९८२ साली इंग्लंडात स्पेक्ट्रम नावाचा छोटा कॉम्प्युटर निघाला. लहान मेमरीचा १२५ पौंडांना, मोठ्या मेमरीचा १७५ पौंडांना. घरच्या टीव्हीला तो जोडायचा. खेळ येत साध्या कॅसेटवर, गाण्याची असते तशाच; टेपरेकॉर्डर लावला की काही मिनिटांनी खेळ कॉम्प्युटरमध्ये चढे. अशी कॅसेट बहुधा पाच ते दहा पौंडांना मिळे. अल्टिमेट ही नावाजलेली कंपनी १९८४ मध्ये ९.९५ पौंड लावत होती. शाळकरी पोराच्या खिशात एवढे पैसे कुठून येणार? मग एकाने विकत घ्यायची आणि दहा जणांनी टेपवरून टेपवर उतरवून घ्यायची.

१९८३ मध्ये मार्टिन अल्पर, फ्रँक हर्मन, अॅलन शरम आणि टेरी मेडवे यांनी मास्टरट्रॉनिक काढली. ही मंडळी खेळ बनवणारी नव्हती, व्हिडिओ कॅसेटींच्या वितरणातून आलेली होती. दुकानदार कशाला जागा देतो आणि कशाला देत नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी भाव ठरवला १.९९ पौंड, आणि माल केवळ कॉम्प्युटरच्या दुकानांत न ठेवता वर्तमानपत्र विकणाऱ्यांकडे व पेट्रोल पंपांवरही ठेवला. आपल्याकडे त्याच दशकात टी-सिरीजने गाण्यांची स्वस्त कॅसेट पानाच्या ठेल्यापर्यंत नेली, तसेच हे.

आता हिशेब पाहा. १.९९ मधले सुमारे २६ पेन्स सरकारचे, कारण त्या वेळी तिथे पंधरा टक्के व्हॅट होता. उरले १७३ पेन्स. त्यात दुकानदाराचा नफा, घाऊकवाल्याचा वाटा, कॅसेट भरण्याचा खर्च, छापील वेष्टन, खेळ लिहिणाऱ्याचा मेहनताना, आणि मग कंपनी. नगामागे हाती येणार ती चिल्लर. पण पोराला मित्राच्या मागे लागून नक्कल करण्यापेक्षा नवी कॅसेट घेणेच सोपे वाटू लागले. १९८५ चा ‘फाइंडर्स कीपर्स’ हा त्यांचा खेळ निरनिराळ्या कॉम्प्युटरांवर मिळून तीन लाखांच्या वर खपला.

त्याच सुमारास लिव्हरपूलची इमॅजिन ही कंपनी उलट टोकाला होती. दिमाखदार ऑफिस, महागड्या मोटारी, पानपानभर जाहिराती. सुमारे ४० पौंडांचे ‘मेगागेम’ आणू असा डंका तिने पिटला. ते खेळ दुकानात आलेच नाहीत आणि जुलै १९८४ मध्ये कंपनी बुडाली. बीबीसीची माणसे यशोगाथेचे चित्रीकरण करायला गेली होती, त्यांच्या कॅमेऱ्यात दिवाळे उतरले. बाजार बिघडवला कोणी, हे वाचकांनीच ठरवावे.

मास्टरट्रॉनिकच्याही चुका झाल्या, आणि त्या स्वस्त विकण्याच्या नव्हत्या. १९८७ च्या सुमारास तिने आर्केडिया नावाने नाणे टाकून खेळायची यंत्रे काढली. तो धंदा वेगळा, गिऱ्हाईक वेगळे, भांडवल कितीतरी जास्त. यंत्रे चालली नाहीत आणि कॅसेटींच्या चिल्लरीतून साठलेला पैसा तिकडे अडकला. १९८७ मध्येच व्हर्जिनने ४५ टक्के हिस्सा घेतला, पुढच्या वर्षी उरलेलाही. मधल्या काळात सेगा या जपानी कंपनीच्या गेम यंत्राचे इंग्लंडातील वितरण मास्टरट्रॉनिककडे आले होते. १९९१ मध्ये सेगाने हा वितरणाचा कारभारच विकत घेतला आणि त्यातून सेगा युरोप उभी राहिली. म्हणजे शेवटी किंमत आली ती दुकानदारांशी असलेल्या संबंधांना. हे आम्हाला फार पटते.

दुसरी गोष्ट मात्र आम्हाला टोचते. मास्टरट्रॉनिकच्या सुरुवातीच्या मालापैकी बराच माल रिचर्ड आणि डेव्हिड डार्लिंग या दोन भावांनी लिहिला होता. दोघेही तेव्हा विशीच्या आतले. ‘बीएमएक्स रेसर्स’ हा सर्वांत जास्त खपलेल्या खेळांपैकी एक त्यांचाच. दुसऱ्याच्या नावाखाली लाखांनी खप होताना पाहून कारागीर गप्प किती दिवस बसेल? १९८६ मध्ये भावांनी वडिलांच्या मदतीने कोडमास्टर्स ही स्वतःची कंपनी काढली. भाव तोच, १.९९ पौंड. दुकानेही तीच. पहिल्या गाजलेल्या खेळाचे नाव ‘बीएमएक्स सिम्युलेटर’.

आमच्याकडे किनारीची नक्षी काढणारे एक उस्ताद होते. त्यांचा दर वाढवायला आम्ही सहा महिने चालढकल केली. ‘देखेंगे’ म्हणत राहिलो. तेवढ्यात त्यांनी गावातच चार माग टाकले आणि आमची दोन जुनी गिऱ्हाइके त्यांच्याकडे गेली. आजही भेटले की सलाम आधी तेच करतात, त्याची जास्त लाज वाटते.

मास्टरट्रॉनिक त्या मूळ रूपात उरली नाही. कोडमास्टर्स मात्र टिकली, मोटारींच्या शर्यतींच्या खेळांत नावाला आली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने ती १२० कोटी डॉलरांना घेतली.