मलम लावण्याआधी दाखवा

निरोध न वापरता संबंध आला, दोन दिवसांत त्या जागी लाली, खाज, आग सुरू झाली, की झोप उडते. मग पहिली धाव मेडिकलच्या दुकानात. हळू आवाजात 'खाजेचं मलम द्या' म्हणायचं आणि ट्यूब खिशात घालून निघायचं. कळकळीची विनंती आहे, ती ट्यूब लावू नका. अशा अनेक मलमांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड एकत्र असतं. खाज दबते, पण बुरशी पसरत राहते, नाजूक कातडी पातळ होते आणि डॉक्टरांनाही मूळ दुखणं ओळखणं अवघड जातं. जंतुनाशकानं घासून धुतल्यानंही आग वाढतेच. साधं पाणी पुरे.

खाज आली म्हणजे एड्स झाला, असं नाही. नुसती लाली बरेचदा घर्षणाची, साबणाची किंवा बुरशीची असते. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. मात्र दुखरे पाणीदार फोड, लघवीला जळजळ, पू, बाईच्या ओटीपोटात कळ, यातलं काही असलं तर लगेच दाखवा.

सगळ्यात फसवी असते ती न दुखणारी जखम. उपदंशात, म्हणजे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात त्या रोगात, संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती उठते आणि औषधाशिवाय भरूनही येते. माणसाला वाटतं, सुटलो. रोग मात्र अंगात मुरतो आणि पुढे मेंदू-हृदयापर्यंत पोचू शकतो. सुरुवातीलाच रक्त तपासलं तर पेनिसिलिननं तो पूर्ण बरा होतो. म्हणून जखम दिसते आहे तोवरच दाखवा.

जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शंका असेल तर खाजेची वाट पाहायचीच नाही. 72 तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, सरकारी रुग्णालयात जाऊन एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या 'पीईपी' गोळ्यांबद्दल विचारा. या गोळ्या 28 दिवस घ्याव्या लागतात. शनिवारी रात्री घडलं असेल तर सोमवारच्या ओपीडीसाठी थांबू नका, तातडीच्या विभागात जा. नको असलेल्या गर्भाची भीती असेल तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीलाही उशीर चालत नाही.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मगच रक्त घेतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. जायचं धाडस होत नसेल तर आधी 1097 वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आणि लैंगिक आजार निघालाच, तर नवऱ्यानं गुपचूप गोळ्या घेऊन बायकोला अंधारात ठेवू नये. बाईला पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही, आत मात्र गर्भनलिका खराब होत राहू शकतात. दोघांनी तपासून घ्या, डॉक्टर सांगतील तसे उपचार पुरे करा आणि तोवर संबंध टाळा.