मोटारसायकलीचा फेरफार

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारसायकलीचें इंजिन काढून तिला विजेची मोटर व बॅटरी बसवून घ्यावी कीं काय, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधु आम्हांस विचारतात. आम्ही यंत्रशास्त्री नव्हों. आमची उमेद महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. परंतु हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच हिशेबाचा व दप्तराचाहि आहे, असें आमचें मत असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस इष्ट वाटतें.

प्रथम यंत्राचा विचार करूं. पेट्रोलच्या इंजिनांत इंधनाची बहुतेक शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. फार तर चौथा हिस्सा चाकाच्या कामीं येतो. विजेच्या मोटरींत हेंच प्रमाण शेंकडा ८० च्या वर असतें. इंजिन, कार्बोरेटर व सायलेन्सर काढून त्या जागीं बॅटरी व कंट्रोलर बसवितात. मोटर एक तर मागील चाकाच्या मध्यांत असते, किंवा इंजिनाच्या जागीं बसून साखळीनें चाक फिरविते. चाकांतली मोटर बसविण्यास सोपी, परंतु तिचें सर्व वजन चाकावर येतें व खांचखळग्यांच्या रस्त्यावर रिम आणि आऱ्या यांना त्याचा हिसका बसतो. बॅटरी शिशाची घेऊं नये. ती जड असते व रोजच्या वापरांत लवकर थकते. लिथियम फेरो-फॉस्फेट जातीची बॅटरी महाग खरी, पण ती हलकी व टिकाऊ असून इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षां आगीचा धोकाहि तींत कमी असतो. २०२२ सालीं आपल्या देशांत विजेच्या कांहीं स्कूटरांना आगी लागल्या व त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, हें ध्यानांत ठेवावें.

आतां हिशेब. दुधाचे कॅन घेऊन रोज ४० किलोमीटर जाणाऱ्या गृहस्थाचें उदाहरण घेऊं. लिटरला ५० किलोमीटर व पेट्रोलचा दर १०० रुपये धरल्यास रोजचा खर्च ८० रुपये होतो. विजेवर, ओझ्यासह, युनिटला २० किलोमीटर व युनिटचा दर १० रुपये धरल्यास तोच खर्च २० रुपये होतो. रोजची बचत ६० रुपये; वर्षाचे ३०० दिवस धरून १८,००० रुपये. बॅटरीसह एकंदर खर्च ९०,००० रुपये आला असें समजल्यास तो ५ वर्षांत फिटतो, व चांगली बॅटरी तेवढीं वर्षें टिकते. परंतु जो गृहस्थ दिवसास १० किलोमीटरच जातो, त्याची वर्षाची बचत ४,५०० रुपये; त्यास खर्च फिटण्याला २० वर्षें लागतील व मध्यंतरीं बॅटरी अनेकदां बदलावी लागेल. अशानें या भानगडींत पडूं नये, हें आम्ही स्पष्ट सांगतों. प्रत्येकानें आपापले आकडे घालून हा हिशेब घरींच करावा, विकणाऱ्याच्या दुकानांत करूं नये.

दुसरें असें कीं, बॅटरी घरच्या मीटरावरच भरावी. विहिरीवरच्या पंपाची वीज सवलतीची किंवा मोफत असते, म्हणून तेथें चार्जर लावण्याचा मोह होतो. शेतीपंपाच्या जोडणीवर दुसरें काम करणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ अन्वयें अनधिकृत वापर ठरतो व दुप्पट दरानें आकारणी होते.

आतां दप्तराची गोष्ट, आणि तीच आम्हांस मुख्य वाटते. आमच्या पुतण्यानें बाजारगांवच्या एका मिस्त्रीकडून आपली मोटारसायकल विजेवर करून घेतली. पहिले सहा महिने आनंदाचे गेले. पुढें पावसाळ्यांत एका संध्याकाळीं गाडी घसरून एका वाटसरूस लागली व त्याचा पाय मोडला. विमा कंपनीचा मनुष्य पाहणीस आला. नोंदणी-प्रमाणपत्रांत इंधन पेट्रोल व इंजिनाचा नंबर अमुक असें लिहिलेलें. गाडीवर तर इंजिनच नाहीं! दावा अडकून पडला. अखेर दुभती म्हैस विकून पुतण्यानें त्या गरीब माणसाच्या दवाखान्याचा खर्च दिला. गाडी करून घेतांना आम्हीहि त्याच्याबरोबर गेलों होतों. दर ठरविण्यांत तासभर घालविला, पण कागद मागण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. तीस वर्षें लोकांचे फेरफार हाताळलेल्या माणसाला हें सुचूं नये, याची आम्हांस लाज वाटते.

जमिनीत हक्क मिळाला म्हणजे तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे खबर द्यावी लागते व गांव नमुना सहामध्यें नोंद होते, हें प्रत्येक खातेदारास ठाऊक आहे. गाडीचा कायदाहि असाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें बॅटरीवर चालविण्यासाठीं गाडींत बदल करण्यास मनाई नाहीं. मात्र तो विहित अटींस धरून असला पाहिजे व त्याची नोंद नोंदणी-प्रमाणपत्रांत झाली पाहिजे. किट पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेनें तपासून मंजूर केलेलें, व तें आपल्याच मॉडेलसाठीं मंजूर झालेलें असावें. गैरवाजवी बदल केल्यास मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्हीहि, होऊं शकतात.

कोणी म्हणेल, खेड्यांत हें कोण तपासतो? त्यास आमचें उत्तर असें कीं, फेरफार न झालेली जमीन वीस वर्षें निर्धास्त कसतां येते. पण तंटा उभा राहिला म्हणजे पहिल्या दिवशीं उतारा मागतात.

तथापि सर्व दोष शेतकऱ्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. मंजूर किट महाग पडतें, आणि एका गाडीसाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं आर.टी.ओ. कचेरींत खेपा घालणें त्याला परवडत नाहीं. म्हणूनच तो मिस्त्रीकडे वळतो. हें काम एकेकट्यानें करण्याचें नव्हे, तें मंडळानें अंगावर घ्यावें, अशी आमची सूचना आहे. रोज ४० किलोमीटर किंवा अधिक जाणाऱ्या सभासदांची यादी करावी, एकाच मॉडेलच्या गाड्या निराळ्या काढाव्या, मंजूर किटाच्या विक्रेत्याकडून सर्वांसाठीं एकत्र दर मागवावा, आणि नोंदीचे अर्ज एकाच दिवशीं द्यावे. बियाणें व खत आपण अशाच रीतीनें आणतों. मग हेंच कां नको?

हें होईपर्यंत जुनी गाडी पेट्रोलवर चालली तरी चालेल, परंतु कागदावर एक व रस्त्यावर दुसरी अशी गाडी कोणीहि दारीं ठेवूं नये. ज्या वाचकांनीं रीतसर नोंद करून गाडी विजेवर चालविली असेल, त्यांनीं आपला अनुभव व खर्चाचे आकडे या मासिकाकडे अवश्य पाठवावे, अशी विनंति आहे.