आधी तपासणी, मग तक्ता

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका राज्यात शासकीय कामानिमित्त एका क्रीडा प्रशिक्षण केंद्रास भेट देण्याचा योग आला. भारोत्तोलन शिकणाऱ्या मुलींची नोंदवही अत्यंत नीटनेटकी होती. उंची, वजन, धावेची वेळ, सारे रकाने भरलेले. भिंतीवरील सरावाचा तक्ता मात्र सर्वांना एकच. एका मुलीच्या टाचा पूर्ण बैठकीत उचलल्या जात आणि धड पुढे झुके. कंबर दुखते म्हणून तिला कमरेचेच व्यायाम वाढवून दिले होते. सोबतच्या फिजिओथेरपिस्टने तिला भिंतीसमोर उभे केले, टाच न उचलता गुडघा भिंतीस लावावयास सांगितला आणि मोजपट्टीने अंतर घेतले. घोटाच पुरेसा वाकत नव्हता. या परीक्षेस दोन मिनिटे लागली; खर्च शून्य.

आपल्याकडे मोजमाप होत नाही, असे नाही. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत ५० व ६०० मीटरची धाव आहे, लवचिकतेची परीक्षाही आहे. तथापि अशा चाचण्या मुख्यतः ‘किती’ हे सांगतात. प्रशिक्षणाची आखणी करावयाची तर शरीर ‘कसे’ हलते, हे कळावे लागते.

त्यासाठी ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ ही पद्धत जगभर प्रचलित आहे. तीत सात हालचाली, प्रत्येकीस ० ते ३ गुण, एकूण २१. वेदना झाल्यास शून्य. येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास दरडोई उत्पन्नाची आठवण व्हावी. सातही हालचालींत दोन-दोन गुण मिळविणाऱ्याची बेरीज १४. चार हालचालींत तीन, दोहोंत एक आणि एकीत शून्य मिळविणाऱ्याचीही १४. पहिल्यास सर्वसाधारण सुधारणा हवी, दुसऱ्यास आधी वैद्य हवा. बेरीज दोघांना एकाच रांगेत उभे करते.

अशा चाचण्यांनी भावी दुखापतीचे भाकीत करता येत नाही, असे नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी २०१६ साली साधार मांडले. हा आक्षेप मला मान्य आहे; किंबहुना म्हणूनच ही तपासणी निवडीची चाळणी होता कामा नये. गुण कमी पडल्यास नाव कटणार, असे दिसताच मुले वेदना लपवतील. प्रोत्साहनांची दिशा चुकली की आकडे खोटे बोलू लागतात, हा अनुभव प्रशासनास नवा नाही.

म्हणून सूचना साध्या आहेत. तपासणीपत्रक जोडल्याखेरीज सरावाचा तक्ता मंजूर होऊ नये. तीच तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा व्हावी आणि तक्ता तदनुसार बदलावा. पत्रकाच्या आधारे कोणासही वगळू नये.

वर्षभराने त्या केंद्रास पुन्हा गेलो, तेव्हा ती मुलगी तेथे नव्हती. नोंदवहीत सोडून जाण्याचे कारण लिहिले होते : ‘वैयक्तिक’. भिंतीवरील तक्ता तोच होता.