सहा नवागतांवर एक सिनिअर, पण तो निवडतो कोण?

महाविद्यालये सुरू झाली की नवागतांच्या स्वागताची धांदल उडते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले सिनिअर विद्यार्थी फाटकापाशी उभे असतात. कोणी ‘मेंटॉर’, कोणी ‘स्वयंसेवक’, कोणी ‘समन्वयक’. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली या उद्बोधन कार्यक्रमाला ‘दीक्षारंभ’ असे नाव दिले. (दीक्षा म्हटले की आमच्या माणसाला १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आठवते. आयोगाच्या मनात ते खचितच नसावे!) आमचा प्रश्न साधा आहे. या सिनिअरांना निवडतो कोण?

ही हौसेची कामे आहेत असे समजून आपले विद्यार्थी त्यांच्याकडे पाठ फिरवतात. प्रत्यक्षात हा कायद्याचा विषय आहे. आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्ष संपताना, पुढच्या वर्षाच्या नवागतांसाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक कक्ष स्थापन करायचा आहे. सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक आणि अशा सहा मार्गदर्शकांवर वरच्या वर्गातला एक. प्रमाण ठरले, उतरंडही ठरली. परंतु हा एक जण कोणत्या निकषावर घ्यायचा, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती असावेत, याबद्दल त्या कलमात चकार शब्द नाही.

कायदा गप्प बसला की ओळखपाळख बोलू लागते. फाडफाड इंग्रजी बोलणारा, प्राध्यापकांच्या नजरेत असलेला, सुट्टीतही शहरातच राहणारा विद्यार्थी मेंटॉर होतो. आमचा विद्यार्थी सुट्टीत गावाकडे मजुरीला जातो, नाहीतर कुठल्या दुकानात उभा राहतो. बिनपगारी पुढारपण त्याला परवडणार कसे?

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. खेड्यातून आलेल्या मुलाला त्या संस्थेचा पहिला चेहरा दिसतो तो प्राचार्यांचा नव्हे, या सिनिअरचा. त्याने पहिल्याच ओळखीत ‘रँक किती?’ असे विचारले की त्या मुलाला कळायचे ते कळते. रँक विचारणे ही जात विचारण्याची सभ्य रीत आहे. मुंबईच्या आयआयटीत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. कुटुंबाने जातीय भेदभावाचा आरोप केला, संस्थेच्या समितीने तो मान्य केला नाही. मात्र त्याच वर्षी जुलैत त्याच संस्थेने सूचना काढली, की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेशाचा प्रवर्ग व जेईईची रँक विचारणे अनुचित आहे. काही घडतच नव्हते, तर सूचना कशासाठी?

२०१६ च्या दुरुस्तीने जातीवरून होणारा मानसिक छळ आणि वगळणेही रॅगिंगच्या व्याख्येत आले. नवागताला हे सांगायचे कोणी? ज्याला ते सोसावे लागले आहे, तोच ते नीट सांगेल. मेंटॉर ग्रंथालय दाखवतो, कॅन्टीन दाखवतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा भरायचा, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेसाठी कोठे जायचे, जात पडताळणीची पावती कोणाला द्यायची, हे त्याला ठाऊकच नसते. कारण त्याच्यावर ती वेळ आलेली नसते.

म्हणून विद्यार्थी संघटनांनी या परीक्षा संपण्याआधीच प्राचार्यांना लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. मार्गदर्शक निवडीचे निकष व यादी सूचना फलकावर लागावी. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त व मुली यांना प्रवेशाच्या प्रमाणात स्थान असावे. उद्बोधनाचे तास ‘कमवा व शिका’ योजनेत धरून त्याचे पैसे मिळावेत. २०१२ च्या समता विनियमांनी सांगितलेल्या भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी नवागतांना कळावे. यादी लावली नाही, तर शासकीय व अनुदानित महाविद्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.