यतिमाला पावती नको, माणूस हवा

रमजानचा महिना लागला की आपल्या मोहल्ल्यातून पावतीपुस्तके फिरू लागतात. कुणी लांबच्या यतीमखान्यासाठी येतो, कुणी मदरशासाठी. मिरज असो, कऱ्हाड असो वा तासगाव, आपला माणूस खिशात हात घालतो. ऐपतीप्रमाणे जकात देतो, सदका देतो, पावती घडी करून ठेवतो आणि समाधानाने तरावीहला जातो. हे देणे लहान नाही. बागवानी करणारा, रिक्षा चालवणारा, पानाची टपरी टाकणारा माणूसही यतिमाच्या नावावर काही ना काही देतो, ही आपल्या समाजाची पुण्याई आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. पैसा देणारा हा पुरुष कधी एखाद्या बालगृहाच्या फाटकातून आत गेला आहे काय? तिथल्या बारा वर्षांच्या पोराचे नाव त्याला माहीत आहे काय? त्या पोराला गणितात किती गुण मिळाले, त्याची चप्पल तुटली आहे की धड आहे, रात्री तो झोपेत दचकतो की नाही, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले? याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. आपण यतिमाला पैसा दिला, पण वेळ दिला नाही. पैसा दिला की जबाबदारी संपली, असा एक सोयीचा समज आपण करून घेतला आहे. त्या समजाविरुद्ध मला या लेखात भांडायचे आहे.

कुराणात यतिमाचा उल्लेख वारंवार येतो. सूरह माऊन यतिमाला धक्के देऊन हाकलणाऱ्याला धर्म नाकारणाऱ्यांच्या रांगेत बसवते, हे आपण वाझमध्ये ऐकतो. पण सूरह निसाकडे आपले तितके लक्ष जात नाही. तिथे यतिमाच्या पालकाची कामे एकामागून एक सांगितली आहेत. त्याची मालमत्ता आपल्या मालमत्तेत मिसळू नये, तो जाणता होईपर्यंत त्याला पारखत राहावे, आणि जाणता झाला की साक्षीदारांसमोर त्याचे त्याला परत करावे. ही कामे पावती फाडून होतात काय? मूल जाणते झाले की नाही हे ओळखायला त्याच्याजवळ वर्षानुवर्षे बसावे लागते. म्हणजे धर्माने ज्याला पालक म्हटले तो देणगीदार नाही, तो रोजच्या व्यवहारातला माणूस आहे.

पैगंबर साहेबांचे स्वतःचे बालपण आठवा. वडील अब्दुल्लाह जन्माआधीच गेले. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या. आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले. त्यानंतर त्यांना सांभाळले ते चुलते अबू तालिब यांनी. दाई हलीमांची आठवण आपण प्रेमाने काढतो आणि ती काढलीच पाहिजे. पण त्या यतीम मुलाला वाढत्या वयात घरात ठेवणारा, व्यापाराच्या प्रवासाला सोबत नेणारा आणि पुढे संकटात त्याच्या पाठीशी उभा राहणारा माणूस एक पुरुष होता. पुढे पैगंबर साहेबांनीही अबू तालिब यांचा भार हलका करण्यासाठी बाल अलींना आपल्या घरात आणले आणि झैद बिन हारिसा यांना मुलासारखे वाढवले. मग मुलांचे संगोपन म्हणजे बायकांचे काम, ही समजूत आपण कुठून आणली? ती दीनमधून आलेली नाही. ती आपल्या आळसातून आणि खोट्या मर्दानगीतून आली आहे.

काही जण म्हणतील, इस्लाममध्ये दत्तक नाही, मग आम्ही काय करणार? हा आक्षेप अर्धवट माहितीवर उभा आहे. सूरह अहझाबने मनाई केली ती मुलाचा खरा वंश पुसून त्याला आपले नाव लावण्याला. सांभाळ करायला मनाई नाही, उलट त्याची ताकीद आहे. यालाच कफाला म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमात आईबापाविना मुलांच्या सांभाळाचे जे मार्ग दिले आहेत, त्यांत कफालाचे नाव आहे. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. ज्यांना दत्तक घ्यायचे असेल त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाशमी खटल्यात फेब्रुवारी २०१४ मध्ये सांगितले की, बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला तो मार्ग खुला आहे आणि तो कुणावर लादलेला नाही. पण मी तुम्हाला दत्तक घ्या असे म्हणतच नाही. आठवड्यातून दोन तास द्या म्हणतो. त्याने कुणाचा वंश बुडत नाही आणि कुणाचे नाव बदलत नाही.

आता तरुणांकडे वळू. गाझातल्या मुलांची छायाचित्रे आज आपल्या प्रत्येक पोराच्या मोबाईलवर आहेत. युनिसेफने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले की, तिथली किमान १७ हजार मुले एकटी पडली आहेत किंवा आईबापांपासून तुटली आहेत. हे ऐकून ज्याच्या काळजात कळ येत नाही तो माणूस नव्हे. आपले अनेक तरुण म्हणतात, संधी मिळाली तर आम्ही तिकडे जाऊ, त्या मुलांची सेवा करू. त्यांच्या तळमळीची मी चेष्टा करणार नाही. पण ज्याने सांगलीच्या बालगृहाचा रस्ता पाहिलेला नाही, त्याला परक्या मुलखातल्या, परकी भाषा बोलणाऱ्या, घाव सोसलेल्या मुलाजवळ बसणे जमेल काय? ही सेवा शिकावी लागते आणि ती शिकण्याची जागा आपल्या जिल्ह्यातच आहे.

परदेशी अनाथालयांच्या सेवेची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत श्रीमंत देशांतले तरुण पंधरा दिवसांसाठी अनाथालयात सेवा करायला येऊ लागले आणि त्यांच्या पैशावर अनाथालयांचा धंदा उभा राहिला. पाहुण्यांना दाखवायला मुले हवीत म्हणून गरीब आईबापांची मुले फसवून आणली गेली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली या प्रकाराची दखल घेतली. जगभरच्या अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, हे आता सर्वमान्य आहे. पाहुणा पंधरा दिवस मुलाला लळा लावतो आणि निघून जातो. मूल पुन्हा एकदा टाकले जाते. डॉक्टर असाल, मानसोपचाराचे शिक्षण घेतले असेल, वर्षभर राहायची तयारी असेल तर परदेशी जरूर जा. नुसता उमाळा घेऊन जाऊ नका.

परदेशातल्या पोरक्या मुलांना आसरा कसा द्यावा, याचा धडा खरे तर आपल्याच भागात घडून गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत बायका आणि मुलेच फार. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतलेली पोलिश मुलेही १९४६ मध्ये इथेच आली. त्यांच्यातल्या आजारी मुलांसाठी सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत आरोग्यकेंद्र चालत असे. त्या मुलांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, जेवण वेगळे. तरीही त्या लोकांच्या पुढच्या पिढ्या आजवर इथली वाट धरतात. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे. आसरा मिळालेले मूल विसरत नाही.

आणि घरचाच दाखला हवा असेल तर कर्मवीर भाऊराव पाटलांचा घ्या. जैन कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने १९१० च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, ज्याला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. तिथे सगळ्या जातींची पोरे, त्यांत मुसलमान पोरेही, एका पंगतीत जेवत. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे सोने मोडले. पण अण्णा देणगी गोळा करून घरी बसले नाहीत. ते पोरांमध्ये राहिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगसाठी पुढाकार घेतला तेव्हा संस्थेचे अध्यक्षपदही स्वतःकडे घेतले. दुसऱ्यांनी आपल्या पोरांना असा हात दिला, तर आपण दुसऱ्यांच्या पोरांना का देऊ नये? बालगृहात आपली मुले किती, हा हिशोब फाटकाबाहेर ठेवून आत जावे. यतिमाची जात पाहून डोक्यावर हात ठेवायचा असे कोणत्याही आयतीत नाही.

आपल्यावर अन्याय होतो, हेही खोटे नाही. ३० मे २०२३ रोजी बिहारमधून पुणे आणि सांगलीच्या मदरशांत शिकायला निघालेल्या ५९ मुलांना दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून भुसावळ आणि मनमाड येथे उतरवले गेले. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, त्यांना तुरुंगात राहावे लागले. मुले बारा दिवस नाशिक आणि भुसावळच्या बालगृहांत राहिली. मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचे सांगून पोलिसांनीच प्रकरण बंद केले. याचा संताप येतो आणि यायलाच हवा. पण संतापासोबत एक प्रश्न स्वतःलाही विचारा. त्या बारा दिवसांत बालकल्याण समितीसमोर उभे राहू शकतील, बाल न्याय कायदा जाणतील, बालगृहाच्या अधीक्षकांना ओळखीचे वाटतील असे आपले किती पुरुष तयार होते? ज्या घरात आपण कधी जात नाही, त्या घरात आपले मूल अडकले की आपण दारात परके ठरतो. आणि आठ-दहा वर्षांची पोरे घरापासून इतक्या लांब शिकायला का पाठवावी लागतात, हेही आपणच विचारायला हवे.

पुरुषाचीच गरज का, असे कुणी विचारील. बालगृहातल्या मुलाला प्रेमाने जेवू घालणाऱ्या मावशी भेटतात. पण बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या मिसरुडीबद्दल, बदलत्या आवाजाबद्दल, रागाबद्दल, मुलींशी कसे वागावे याबद्दल बोलणारा पुरुष भेटत नाही. मग तो पुरुषपणा सिनेमातून आणि नाक्यावरून शिकतो. शांतपणे काम करणारा, चुकले तर माफी मागणारा, नमाजला जाणारा आणि घरी भांडीही घासणारा एक साधा माणूस त्याने जवळून पाहिला, तर ते त्याला दहा भाषणांपेक्षा अधिक शिकवील. आपल्याकडे अशी माणसे कमी आहेत काय? मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणारे कारागीर आहेत. गॅरेजवाले, वेल्डर, शिंपी, चालक, शिक्षक, निवृत्त पोस्टमन आहेत. यांच्या हातातला हुन्नर हे त्या मुलाचे भविष्य आहे.

मात्र नियम कडक हवेत, याबद्दल दुमत नको. मुलांच्या जवळ जाण्यासाठी वाईट हेतूची माणसेही सेवेचा बुरखा घेतात. म्हणून पोलीस पडताळणी मागितली तर अपमान मानू नका, स्वतःहून द्या. मुलासोबत बंद खोलीत एकटे बसू नका. बाहेर नेऊ नका, महागड्या भेटी देऊ नका. आणि वाढदिवसाचा केक कापून छायाचित्र स्टेटसवर टाकण्याची चाल तर बंदच करा. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करते. मुलाच्या लाचारीवर आपली कीर्ती वाढवणे हा यतिमाचा माल खाण्याचाच प्रकार आहे.

करायचे काय, ते साधे आहे. प्रत्येक जमातीने पाच पुरुष निवडावेत. त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन नोंदणी असलेल्या बालगृहात सेवेची परवानगी मागावी. नोंदणी नसलेली संस्था चालवणे कायद्याने गुन्हा आहे, मग ती आपल्या माणसाची असली तरी. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जावे आणि किमान दोन वर्षे जावे. गणित शिकवावे, सायकल दुरुस्त करायला शिकवावे, बँकेचे पासबुक वाचायला शिकवावे. अनाथ प्रमाणपत्रासाठी कागद जमवावेत, कारण महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे आणि प्रमाणपत्राशिवाय त्याचा उपयोग नाही. अठराव्या वर्षी मूल बालगृहाबाहेर पडते तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी ओळख देणारा, आयटीआयच्या प्रवेशाला सोबत जाणारा आणि ईदला ताटावर बोलावणारा कुणीतरी हवा. तो तुम्ही व्हा.

शिवाय आपल्या गल्लीतली विधवा पाहा. मूल संस्थेत जाणे हा कायद्यानुसार शेवटचा उपाय आहे. बालसंगोपन योजनेत एका मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळण्याची तरतूद २०२३ मध्ये झाली. अर्ज भरून देणारा कुणी भेटला, तर कित्येक आयांना मूल दूर पाठवावे लागणार नाही. हा अर्ज भरून देणे हीसुद्धा इबादत आहे.

यतिमाचा सांभाळ करणाऱ्याला पैगंबर साहेबांनी जन्नतमध्ये आपल्या अगदी जवळची जागा सांगितली आहे. ती जागा आपल्याला हवी असते. पण तिचा रस्ता जिल्ह्याच्या बालगृहावरून जातो आणि तिथे दर आठवड्याला स्वतःच्या पायांनी जावे लागते. येत्या रमजानमध्ये पावती जरूर फाडा. पण त्याआधी एकदा त्या फाटकातून आत जाऊन या.