जीएसटीने दिले, व्याजाने नेले! पेडगावच्या रोजच्या फेरीला कोणती गाडी परवडते?

पेडगाव (ता. परभणी) : परभणी आणि मानवतच्या मध्ये असलेल्या पेडगाव परिसरात दुचाकीशिवाय घरातले पान हलत नाही. कुणाला दुकानातल्या नोकरीसाठी परभणी गाठायची असते, कुणाला कॉलेज, तर कुणाला मोंढा, दवाखाना किंवा तहसील. गावाला रेल्वे स्थानक आहे, रस्त्याने एसटीही धावते. पण गाडीची वेळ आणि ड्युटीची वेळ जुळली तरच त्याचा उपयोग. म्हणून सणाचा मुहूर्त जवळ आला की पारावर एकच विषय निघतो, "नवी गाडी घ्यायची, ॲव्हरेज कोणती देते?"

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. महिन्याला खिशातून जाणारा पैसा पेट्रोल पंपावर जातो, तसाच हप्त्यातही जातो. दोन्ही एकत्र मांडले की हिशेब वेगळाच दिसतो.

परभणीकरांना ॲव्हरेजची एवढी काळजी का?

२०१८ मध्ये देशातले सर्वात महाग पेट्रोल म्हणून परभणीचे नाव गाजले. २०२१ च्या मे महिन्यात साध्या पेट्रोलनेही इथे शंभरी ओलांडली. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून येणारे इंधन, त्यावरचा वाहतूक खर्च आणि राज्याचा कर, असे त्याचे गणित होते. त्यामुळे इथे लिटरमागे पाच किलोमीटर कमी-जास्त झाले तरी ते खिशाला जाणवते.

समजा, पेडगावहून एक जण रोज येऊन-जाऊन ४० किलोमीटर गाडी चालवतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,००० किलोमीटर झाले. पेट्रोल १०६ रुपये लिटर धरू. गाडी ६५ चे ॲव्हरेज देत असेल तर महिन्याला साधारण १,६३० रुपये लागतात. ५५ दिले तर १,९२५ आणि जुनी गाडी ४५ वर आली असेल तर २,३५५.

म्हणजे ४५ च्या जुन्या गाडीवरून ६५ च्या नव्या गाडीवर आले की महिन्याला सव्वासातशे रुपये वाचतात. ऐकायला चांगले वाटते. आता हप्ता बघू.

जीएसटी कमी झाला, पण...

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर दहा टक्के घटला म्हणून किंमतही दहा टक्क्यांनी उतरली, असे नाही. आधी १२८ ला मिळणारी वस्तू ११८ ला मिळते, म्हणजे किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास घटते. ८० हजारांच्या गाडीवर हा फायदा सव्वासहा हजारांचा.

हा फायदा कर्जाच्या कागदावर सहज विरघळतो. ६० हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी '१२ टक्के फ्लॅट' दराने घेतले तर व्याज २१,६०० आणि हप्ता सुमारे २,२६७ रुपये. तेच कर्ज १२ टक्के घटत्या शिलकीवर मिळाले तर हप्ता १,९९३ आणि एकूण व्याज पावणेबारा हजारांच्या घरात. दोन्हीकडे सांगताना '१२ टक्के'च सांगितले जाते. फरक मात्र जवळपास दहा हजारांचा. जीएसटीत जेवढे वाचले, त्यापेक्षा जास्त. फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या हिशेबाने २१ टक्क्यांच्या पुढेच.

म्हणून शोरूममध्ये "हप्ता किती बसेल?" एवढेच विचारून भागत नाही. व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर, फाइल चार्ज किती, मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड किती आणि शेवटी एकूण किती रुपये भरायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. शेतीच्या पैशावर गाडी घेणाऱ्याने तर नक्कीच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. ८५ हजारांची ऑन-रोड गाडी म्हणजे हमीभावाने १६ क्विंटल सोयाबीन. बाजारात भाव ४,२०० मिळाला तर तीच गाडी २० क्विंटलला पडते. पावसाने पीक नेले तरी हप्ता थांबत नाही.

१०० सीसी की १२५?

एकट्याची रोजची ये-जा असेल तर १०० ते ११० सीसीची गाडी पुरेशी आहे. हिरोची एचएफ डिलक्स व स्प्लेंडर प्लस, होंडाची शाइन १००, बजाजची प्लॅटिना, टीव्हीएसची स्पोर्ट ही या वर्गातली ओळखीची नावे. राज्यात ९९ सीसीपर्यंतच्या दुचाकीला पासिंगचा कर १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आहे. स्प्लेंडर, एचएफ आणि शाइन १०० या ९९ च्या आत बसतात. ७० हजारांवर हा फरक सुमारे सातशे रुपयांचा, म्हणजे त्यासाठी मन बदलण्याइतका मोठा नाही.

रोज डबलसीट, सोबत दुधाचे कॅन किंवा खताची गोणी असेल तर मात्र १२५ चा विचार करावा. लहान इंजिन ओझ्याखाली सतत ताणले की त्याचे ॲव्हरेजही उतरते. शेताच्या वाटेने जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पावसाळ्यात इथली काळी चिकट माती मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. चाक आणि मडगार्डमधली मोकळी जागा, जमिनीपासूनची उंची आणि गावातल्या मिस्तरीकडे मिळणारे स्पेअर यांना रंग आणि स्टिकरपेक्षा जास्त किंमत आहे.

बजाजने जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आणली. इंधन स्वस्त पडते, पण रोजच्या रस्त्यावर सीएनजी पंप असेल तरच. पंपासाठी वाट वाकडी करावी लागली आणि रांगेत उभे राहावे लागले, तर बचत तिथेच संपते. इलेक्ट्रिकचेही तसेच. ४० किलोमीटरची फेरी तिला जड नाही. घरी रात्री वीज टिकते का, हे आधी पाहावे.

जुनी गाडी विकायची का?

जुनी गाडी धडधाकट असेल तर केवळ ॲव्हरेजसाठी ती विकणे परवडत नाही. सव्वासातशे वाचवण्यासाठी दोन हजारांचा हप्ता अंगावर घ्यायचा, असा तो व्यवहार होतो. त्याआधी एअर फिल्टर, प्लग, कार्बोरेटर, चेन आणि चाकाची हवा तपासून घ्यावी. ब्रेक चाकाला घासत असेल तरी पेट्रोल जास्त जाते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही थोडा परिणाम आहे. २० टक्के इथेनॉलमुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता. म्हणजे ६० चे ५८ होतील. ६० चे ४५ झाले असतील, तर दोष गाडीत शोधावा.

ॲव्हरेज मोजायचे तर टाकी फुल करावी, किलोमीटर लिहून ठेवावे, पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते पाहावे आणि भागाकार करावा. असे तीन वेळा केले की खरा आकडा कळतो. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो, पेडगाव-परभणी रस्त्यावरचा नसतो.

गाडी खरोखर दमली असेल तर नवी जरूर घ्यावी. तेव्हा ऑन-रोड किमतीत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरलेला आहे का, हे विचारावे. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून तो बंधनकारक आहे. ७५ ते १५० सीसीसाठी त्याचा हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ३,८५१ रुपये, वर कर वेगळा. गाडीसोबत हेल्मेट देण्याचा नियम आहे, ते आयएसआय मार्कचे मागून घ्यावे. आणि सहीआधी तीन वर्षांत एकूण किती रुपये जाणार, तो आकडा घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. तो ऐकूनही घर "घ्या" म्हणाले, तर गाडी परवडते.