सलग वेळ कुणाच्या वाट्याला?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गेल्या वर्षी कॉलेज सोडायला निघाली. ती नापास झाली नव्हती, फीही भरलेली होती. अडलं होतं पंचवीस पानी प्रकल्पावर. कॉलेजने ‘वस्तीतले पाणी’ हा विषय दिला, जमा करायची तारीख दिली आणि मधले तीन महिने कोरे सोडले. “ताई, मला नाही जमायचं. घरी म्हणतायत, मग लग्नाचं बघू.”

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर असे प्रकल्प साध्या पदवीलाही आले. ते चांगलंच झालं. पण मोठं लिखाण एका दमात करायला सलग वेळ लागतो. तो मुलींकडे कुठून येणार? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. या मुलीला मिळायचा तो पाणी येण्याआधीचा अर्धा तास आणि रात्री भांडी घासून झाल्यावरचा अर्धा तास. वेळ असा तुकड्यांत, म्हणून आम्ही कामाचेही तुकडे केले.

पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न ठरवला: पाणी भरायला घरातलं कोण उठतं? मग पाच घरी जायचं आणि ऐकलेलं त्याच रात्री, बाईच्याच शब्दांत, घरटी एका कागदावर उतरवायचं. नंतर सगळे कागद जमिनीवर पसरून सारखे मुद्दे एकत्र करायचे. एका गठ्ठ्याचं एक प्रकरण, आठवड्याला एक. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. दर शनिवारी मी वाचायचे आणि एकच सुधारणा सुचवायचे. चुकलं तर पान चुकायचं, प्रकल्प नाही. दुसऱ्याचा अहवाल उतरवून काढायची वेळच आली नाही.

एक प्राध्यापक मला म्हणाले, “असे घास भरवत बसलात तर या स्वतंत्र कधी होणार?” मला माझं एम. एस. डब्ल्यू. आठवलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी आधी आराखडा मागितला, मग एकेक प्रकरण तपासलं. पीएच. डी. ला तर हीच रीत. तिथे त्याला मार्गदर्शन म्हणतात. घरात पहिल्यांदा कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी तेच केलं की ते लाड ठरतात! घास भरवणं वेगळं आणि केवढा घास घ्यायचा ते दाखवणं वेगळं.

तिचा अहवाल अठरा पानांचाच झाला, पण प्रत्येक पान तिचं होतं. लग्नाचा विषय मागे पडला आहे, संपलेला नाही.

आपल्यापैकी ज्या गटांच्या अभ्यासिका आहेत त्यांनी हे करून पाहावं. पण तेवढ्यावर थांबू नये. विषयाबरोबर टप्पे, टप्प्यांच्या तारखा आणि टप्प्यांना गुण द्या, अशी लेखी मागणी आपापल्या भागातल्या कॉलेजांकडे करू या. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. आपल्या मुलींकडे सांगण्यासारखं तेव्हाही होतं, आजही आहे. ते कागदावर उतरेपर्यंतची वाट सोपी करणं आपल्या हातात आहे.